लागलं तर हात वर

मला आजवर सात शाली मिळाल्या, आणि सातही एकाच कारणासाठी. सतरा वर्षं कबड्डी खेळलो, नऊ संघांकडून खेळलो, उजवा गुडघा झिजवला, डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी करून घेतली. त्यातल्या कशासाठीही कुणी शाल दिली नाही. शाली मिळाल्या त्या एका सामन्याच्या शेवटच्या चढाईत मी स्वतःहून हात वर केला म्हणून. आमच्याकडं सत्कार नेमके एप्रिल-मेमध्ये ठेवतात आणि शाल अंगावर तशीच ठेवून भाषणं ऐकायला लावतात. घामाच्या धारा लागतात. लोकांना वाटतं, माणूस गहिवरला.

आमचं घर मेंढ्यांचं. पिशोरपासून चार-पाच किलोमीटरवर आमची वस्ती. मेंढरू पळायला लागलं की त्याचा मागचा पाय नेमका खुराच्या वर धरायचा, हे मी चालायला लागल्यावर लगेच शिकलो असणार, कारण शिकल्याचं आठवत नाही. पुढं कबड्डीत माझी घोट्याची पकड बघून लोक विचारायचे, कोणत्या शिबिरात शिकलास. मी हसून टाळायचो. मेंढरू माणसापेक्षा चपळ असतं आणि त्याला नियम लागू नसतात, एवढंच मला माहीत होतं.

खेळ शिकवला तो वस्तीतल्या एका काकांनी. त्यांना नात्यानं आम्ही कुणीच लागत नव्हतो, पण सगळेच काका म्हणायचो. आमच्याकडं पंच नव्हता. खळ्यावर राखेच्या रेषा मारायच्या आणि खेळायचं. पंच नाही म्हणजे बाद कोण, हे ज्याचं त्यानं सांगायचं. चढाई करणाऱ्याचा हात लागला, पाय लागला, की ज्याला लागला त्यानं हात वर करून रेषेबाहेर जायचं. काकांचा हा एकच कायदा होता. "लागलं तर हात वर. कुणी बघितलं का नाय, ते आपलं काम नाय."

त्यासाठी ते एक सराव घ्यायचे. आम्हाला ओळीनं उभं करून डोळ्यांवर गमछे बांधायचे आणि मागून बाजरीच्या धाटानं कुणाच्या पोटरीला, कुणाच्या टाचेला अगदी हळू स्पर्श करायचे. ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा. लागूनही हात वर केला नाही, तर खळ्याला तीन फेऱ्या. न लागता उगाच वर केला, तर एक. लागूनही गप्प बसणं त्यांच्या हिशेबी मोठा गुन्हा होता, उगाच हात वर करणं नुसता वेंधळेपणा. पोरं हुशार असतात. एकाला भागत असेल तर तीन कशाला धावा? आम्ही सगळे शिकलो की शंका आली की हात वर करून मोकळं व्हायचं. वारा लागला तरी काहींचे हात वर जायचे. माझा तर झोपेत डास बसला तरी जायचा, असं आई सांगायची.

एकोणिसाव्या वर्षी मी शहरात आलो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, माझ्या पहिल्या चार जर्स्यांवर तेच आहे. मुकुंदवाडीत एका मंडळाच्या संघात घेतलं. तिथून एका साखर कारखान्याच्या संघात, मग वाळूजच्या एका कंपनीच्या, मग परत मंडळात, मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संघात. तिथं मी खोली घेतली, भांडी घेतली आणि दोन महिन्यांनी त्यांचा मूळचा खेळाडू बरा होऊन आला. मी भांडी घेऊन परत. अशा खेळाडूला आमच्यात काही खास नाव नाही. संघात भगदाड पडलं की फोन यायचा, भगदाड बुजलं की बंद व्हायचा. डावा कोपरा, उजवा कोपरा, मधली जागा, जिथं म्हणतील तिथं उभा राहायचो. "कुठं खेळतोस?" असं विचारलं की मला आधी विचार करावा लागायचा.

टीव्हीवर दिसणारी मोठी स्पर्धा आली, लिलाव सुरू झाले, तेव्हा आम्ही सगळे एका मित्राच्या हॉटेलात टीव्हीसमोर बसायचो. माझं नाव यादीत होतं. ते कधीच पुकारलं गेलं नाही. एका वर्षी मात्र स्पर्धा निम्मी झाल्यावर फोन आला की अमुक जखमी आहे, उद्या निघा. मी गेलो. साडेतीन आठवडे मोठ्या हॉटेलात राहिलो आणि रोज सकाळी त्यांच्या नामांकित चढाईपटूंना सरावासाठी माझं अंग दिलं. त्यांना पकडायला, त्यांच्या लाथा खायला कुणीतरी लागतंच. सामन्यात दोनदा उतरलो. दुसऱ्या वेळी गुडघा गेला. टीव्हीवर ती चढाई दोनदा दाखवली म्हणे, पण चढाईपटूच्या बाजूनं. माझ्या आईला फक्त माझी पाठ दिसली. तिनं पाठीवरून ओळखलं, हे मात्र खरं.

लग्न झालेलं होतं. बायको मुकुंदवाडीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ब्लाऊज शिवायची, अजूनही शिवते. मुलगी चार वर्षांची होती. मी एकोणतीस वर्षांचा, एका महामंडळाच्या संघात मानधनावर. म्हणजे खेळाडू म्हणून त्यांचा, नोकर म्हणून कुणाचाच नाही. खेळाडूंच्या कोट्यातून त्या वर्षी एक जागा भरायची होती. पुढच्या वर्षी माझं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे ही पहिली आणि शेवटची संधी. आमचे क्रीडा अधिकारी सरळ माणूस होते. त्यांनी सरळच सांगितलं, "या वेळी उपांत्य फेरी गाठा. तुझी फाईल मी स्वतः हातात धरून नेतो."

बायकोनं त्या आठवड्यात घरात काहीच मागितलं नाही. तिच्या गप्प बसण्यातच कळत होतं की ती काय मोजून बसली आहे. परमनंट. हा एकच शब्द आमच्या घरात त्या दिवसांत फिरत होता, पण मोठ्यानं कुणी उच्चारत नव्हतं.

गटातला शेवटचा सामना होता. समोर दुसऱ्या खात्याचा संघ. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे. बरोबरी झाली तरी आम्ही पुढं जाणार होतो, त्यांना मात्र जिंकावंच लागणार होतं. शेवटची चढाई त्यांची. त्यांचा चढाईपटू आला तो माझ्यासारखाच मानधनवाला, वाटेल त्या संघातून फिरलेला. उंच, लांब पायांचा. आम्ही एकमेकांना मैदानावर अनेकदा भेटलो होतो, बोललो कधी नव्हतो.

मी उजव्या बाजूला, माझ्या शेजारी कोपऱ्यात आमचा सर्वांत अनुभवी खेळाडू. आम्ही दोघांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली होती. चढाईपटू आत आला, डावीकडं झुकला, एकदम फिरला आणि मागं न बघता त्यानं पाय फेकला. आम्ही दोघंही मागं उडालो. माझ्या पोटरीला काहीतरी लागलं. धाटाएवढं. तो मध्यरेषेकडं पळाला.

कुणालाच काही दिसलं नव्हतं. आमच्या बाकावरची माणसं उठून उड्या मारायला लागली होती. पंच शिट्टी तोंडाला लावत होता. आणि माझा हात वर गेला.

मी केला असं लिहिणार होतो, पण तो गेला. मला तो वर गेलेला दिसला तेव्हा मी रेषेकडं दोन पावलं चाललोही होतो. कोपऱ्यातला जोडीदार ओरडत होता, "अरे नाय लागलं! नाय लागलं, मागं ये!" असं सगळेच ओरडतात. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खेळाडूच कबूल करतोय म्हटल्यावर पंचानं त्यांना गुण दिला. एका गुणानं आम्ही हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो.

क्रीडा अधिकारी माझ्यापाशी आले. त्यांनी पाण्याची बाटली दिली. जोडीदार मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही, आजतागायत नाही. त्या वर्षीची जागा दुसऱ्या कुणाला गेली. घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला आणि विचारलं, "हात खाली ठेवता येत नव्हता का?"

मी म्हणालो, "लागलं होतं."

"ते मी नाय विचारलं."

पुढं आठ वर्षं, काही बिनसलं की हा प्रश्न यायचा. घरमालकानं खोली सोडायला सांगितली तेव्हा आला. मी एका शाळेत तासिकेवर खेळाचा शिक्षक झालो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात बसून राहिलो तेव्हा आला. तिचं चुकत होतं असं मला कधीच वाटलं नाही.

पण बाहेर भलतंच झालं. एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. मग कुणीतरी बक्षीस वितरणाला बोलावलं. मग शाळा. मग तालुक्याची स्पर्धा. दर वर्षी कुणाला ना कुणाला एक खरा माणूस हवा असतो आणि मी स्वस्तात मिळतो, येण्याजाण्याचं भाडं आणि नारळ. भाषण करणारे माझ्या हाताचं असं वर्णन करायचे की मी दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकतोय असं वाटायचं. म्हणे मी क्षणभर थांबलो. म्हणे माझ्या डोळ्यांसमोर मुलीचा चेहरा आला, तरी मी सत्य निवडलं. अहो, मी काहीच निवडलं नाही. लहानपणी फेऱ्या वाचवायची लागलेली सवय होती ती. अशानं मला त्या कौतुकाचा राग यायचा. परत बोलावू नका, असं सांगावंसं वाटायचं. कधी सांगितलं नाही.

मुलगी मोठी झाली. ती कबड्डी खेळत नाही, तिला चित्रं काढायला आवडतात. पण मागच्या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती 'माझे वडील' या विषयावर बोलली, आणि हात वर करण्याची गोष्ट तिनं सांगितली. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकली. ती तिसरी आली. तिनं कुठंही मीठमसाला लावला नव्हता. "माझ्या पप्पांना लागलं, म्हणून त्यांनी हात वर केला," एवढंच म्हणाली होती.

सातवी शाल या वर्षीच्या एप्रिलात, माझ्याच भागात, पिशोरला. स्पर्धेचं उद्घाटन दुपारी बाराला. आयोजकांनी मोठी हौस केली होती. मुख्य पाहुणा म्हणून त्यांनी तोच चढाईपटू बोलावला होता. त्याला त्या सामन्यानंतर त्याच्या खात्यात नोकरी लागली होती, आता तो तिथं बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे. पोट सुटलंय, पण पाय तेच लांब. त्यानं माईकवर माझं भरपूर कौतुक केलं. "असा खेळाडू मी पाहिला नाही," म्हणाला. बोलताना माझ्याकडं बघत नव्हता. मला वाटलं, लाजला असेल.

परतताना त्यानं त्याच्या गाडीतून चला म्हणून आग्रह केला. तासभर आम्ही कापसाचा भाव, मुलांच्या शाळा आणि गुडघे यावर बोललो. म्हातारे खेळाडू गुडघ्यांवर फार छान बोलू शकतात. फुलंब्रीच्या अलीकडं त्यानं एका टपरीपाशी गाडी थांबवली. चहा आला. त्यानं त्याच्या कपाला हात लावला नाही.

"भाऊ, एक सांगायचं व्हतं. लई वर्षं झाली."

मी म्हणालो, सांगा.

"माझा पाय तुम्हाला लागलाच नव्हता."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतोय.

"खरंच सांगतो. पाय हवेतूनच फिरला. मी वाकलेलो व्हतो ना, काखेखालून मला दिसलं सगळं. तुमचा कोपऱ्यातला मागं उडाला, त्याचा गुडघा लागला तुमच्या पोटरीला."

टपरीवाल्यानं तेवढ्यात अजून चहा हवा का विचारलं. मी नको म्हणालो. मला तो जोडीदार आठवला, 'नाय लागलं, मागं ये' असं घसा फोडून ओरडणारा. तो खोटं ओरडतोय हे मी आठ वर्षं धरून चाललो होतो. त्याचाच गुडघा होता. त्याला माहीत होतं. मैदानावर त्या वेळी एकटा तोच खरं बोलत होता, आणि त्याच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही.

"तेव्हाच का नाय बोलला?" मी विचारलं.

"मध्यरेषेवर पोचलो तं तुमचा हात वर. पंचानं गुण दिलेला. आमची पोरं अंगावर आली माझ्या. आन्‌..." त्यानं कप बाजूला सरकवला. "मला बी नोकरी पाहिजे व्हती, भाऊ."

मलाही हवी होतीच. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला नीट सांगता येणार नाही, आणि जे माझ्यावर भाषणं करतात त्यांनाही येणार नाही. मी त्याला काकांच्या सरावाबद्दल सांगितलं. तीन फेऱ्या आणि एक फेरी. म्हटलं, माझी एक फेरी बाकी आहे म्हणायची. मला ते विनोदी वाटलं होतं. तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मग त्यानं तोंड धुतलं आणि आम्ही निघालो.

गाडीत मी शाल मांडीवर घेऊन बसलो होतो. नोकरी गेली याचं दुःख जुनं होतं, त्याची धार कधीच गेली होती. हे दुखणं नवीन होतं. मला आजवर वाटत होतं की ते कौतुक मला नको आहे, त्याचा मला कंटाळा आहे, लोक उगाच करतात. ते कौतुकच खोटं ठरल्यावर मला कळलं की इतकी वर्षं मी त्याच्यावरच उभा होतो. नऊ संघांत कुठं माझं नाव राहिलं नाही, राहिली होती ती एवढी एक गोष्ट. ती पण चुकून वर गेलेल्या हाताची निघाली. मी फार दमलो होतो. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं त्यानं मला सोडलं. फाटक बंद होतं, मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. फाटक उघडून परत बंद झालं तरी उभाच होतो.

घरी बायको मशीनवर होती. शाल घेऊन तिनं सवयीनं कपाटात आधीच्या सहांवर ठेवली. मी पाणी प्यायलो आणि तिला सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, आता ती चिडेल. चिडायला हवीच होती. आठ वर्षं ती ज्या गोष्टीवर चिडत आली, ती गोष्ट फुकटच घडली होती.

ती ऐकत राहिली. मशीनवरचं ब्लाऊज उचलून तिनं उगाच उलटंसुलटं केलं.

"म्हंजे नुसतंच गेलं," ती म्हणाली.

"हो."

"आन्‌ मी तुम्हाला हात खाली ठेवा म्हणत राहिले." तिनं डोळे पुसले, पण आवाज बिघडला नाही. "लागलं व्हतं म्हणून तरी मनाला समजवायची मी. बाहेर चिडायची, पण आतून समजवायची."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्या मशीनशेजारी खाली बसलो.

बाहेर चपला वाजल्या. मुलगी चित्रकलेच्या क्लासवरून आली होती. बायको पटकन माझ्याकडं वळली आणि हळू म्हणाली, "तिला नका सांगू. तिच्यापाशी राहू द्या ते."

मुलीनं दप्तर टाकलं, हातावरचे रंग फ्रॉकला पुसले. कपाट उघडंच होतं. तिनं नवीन शाल बघितली, तिच्यावरून हात फिरवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, त्या दिवशी लई जोरात लागलं होतं का हो?"

बायकोनं मशीनवर मान खाली घातली. माझा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला.

"नाय," मी म्हणालो. "जरासंच."